चिमूटभर मंजन आणि भुलाबाईची सासू

आमच्या मंडळाने भुलाबाईच्या गाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यात भांडण कशावरून होईल असं कुणी मला विचारलं असतं, तर मी छपाईच्या खर्चाकडे बोट दाखवलं असतं. प्रत्यक्षात आम्ही भांडलो एका दंतमंजनावरून. तेही असे, की अमरावतीच्या ज्या ओसरीवर एरवी कुणी मोठ्याने खोकतसुद्धा नसे, तिथे मंडळातल्या वकीलसाहेबांनी चहाची बशी आपटली.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. राजधानी नागपूरला आणि शहाणपण पुण्याला, असा आमच्याकडच्या शिकलेल्या मंडळींचा समज होता. माझे अमरावतीचे गुरुजी मात्र त्या समजाला धूप घालत नसत. पुण्याकडच्या मुलींचा भोंडला सगळ्यांना माहीत आणि आमच्या मुलींची भुलाबाई कुणाला ठाऊक नाही, हे त्यांना फार खुपायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चारदोन लोक जमवून मंडळ काढलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि जुन्या विद्यार्थ्यांना कामाला जुंपलं. मी लग्न होऊन अकोल्याला आले होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते. तेव्हा अकोल्याकडची गाणी गोळा करणं माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते आनंदाने गळ्यात घालून घेतलं.

गुरुजींचा एक नियम होता. एकाच गावात एकाच तऱ्हेनं म्हणतात ते पाठांतर, आणि दोन गावांत दोन तऱ्हांनी म्हणतात ते लोकांचं गाणं. दर बैठकीत डोळे मिटून ते हा नियम सांगायचे. आम्हाला तो इतका पाठ झाला होता, की त्यांच्याच नियमाप्रमाणे तो लोकांचा नव्हता.

ज्यांना भुलाबाई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा नवरा भुलोजी, मांडीवर लेकरू, आणि वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मांडव. संध्याकाळी पोरी घरोघर जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ नुसता आवाजावरून ओळखतात. गाण्यांत सासर असतं, माहेर असतं, आणि सासूची यथेच्छ टिंगल असते. वर्षातून महिनाभर ती टिंगल उघड करायला मिळते, म्हणून तर पोरी इतक्या खूश असतात.

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या घराच्या मागे एका माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, शेवंती आणि झेंडू. माळ्याच्या बायकोला सगळी पेठ मावशी म्हणायची. बाकीच्या बायकांना गाणी अर्धीमुर्धी येत, मावशीला अख्खी येत. मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती गायची आणि मी बांधावर बसून लिहायची. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. एखादा शब्द सुटला म्हणून मी मध्येच थांबवलं, की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. भुलाबाईचं गाणं तोडू नये, असा त्यांच्या घरचा दंडक होता. एका गाण्यापायी मेथीचं अख्खं टोपलं बांधून व्हायचं.

तिचं सगळ्यांत लांब गाणं म्हणजे भुलाबाईला सासरहून न्यायला येतात ते. आधी सासरा येतो, मग दीर, मग नणंद, मग सासू. जो तो काहीतरी घेऊन येतो आणि भुलाबाई प्रत्येकाला काहीतरी सबब सांगून परत पाठवते. सगळ्यात शेवटी नवरा रिकाम्या हाताने येतो आणि ती मुकाट्याने त्याच्या मागे जाते. या गाण्यातलं सासूचं कडवं मावशीच्या लेकीनं केलेलं. ते होताना मी स्वतः पाहिलं आहे.

लेक लहान होती त्या वर्षी अकोल्यात एक मंजनवाला छकड्यातून फिरायचा. हातात पत्र्याचा भोंगा, कमरेला डब्यांची पिशवी. चौकात छकडा उभा केला, की तो उसाचं कांडं घ्यायचा, दातांनी त्याची साल टराटरा सोलायचा, चावून चोथा थुंकायचा, आणि मग भोंग्यातून ओरडायचा, “चिमूटभर लावा, ऊस सोलून खावा!” मग ज्याच्या त्याच्या तळहातावर फुकट एकेक चिमूट. जिनिंगच्या भिंतीवर, स्टेशनाजवळच्या पत्र्यावर, कापूसबाजाराच्या फाटकावर हीच ओळ रंगवलेली होती. मंजन कसं होतं? माझ्या सासऱ्यांच्या मते कोळसा, मीठ आणि लवंगेचा नुसता वास. ओळ मात्र चांगली होती. आमच्या शाळेत पाढे म्हणताना पोरी मध्येच ती घुसडायच्या आणि मी रागावल्याचं सोंग करायची.

मावशीची लेक माझ्याच शाळेत, चौथीत होती. एका संध्याकाळी मळ्याच्या ओट्यावर पोरी ते लांब गाणं म्हणत होत्या. सासूची पाळी आली. जुन्या कडव्यात सासू काही दागिना घेऊन यायची. तो म्हणायच्या ऐवजी या पोरीनं सगळ्यांच्या वरताण आवाज काढला:

सासूबाई आली घ्याले,
ऊस देला खायाले,
दात नाई सासूले,
चिमूटभर लावा, ऊस सोलून खावा!

पोरी हसून हसून लोळल्या. एकीच्या टिपऱ्या हातातून निसटून थेट शेवंतीत गेल्या. मावशी “चावट मेली!” म्हणाली आणि तोंडाला पदर लावून स्वतःच हसत सुटली. दुसऱ्या दिवशी ते कडवं पेठभर झालं. पुढच्या काही वर्षांत जुनं कडवं कुणाच्या, मावशीच्यासुद्धा, लक्षात राहिलं नाही. सासू पाटल्या आणायची का गोठ, हेही आता कुणी सांगू शकत नव्हतं.

पुढे त्या पोरीचं लग्न झालं आणि ती अकोटला गेली. शेतीवाडीचं, काळ्या जमिनीचं तालेवार घर. पण भुलाबाईच्या महिन्यात लेकी माहेरी येतात, तशी ती एकदाही आली नाही. अकोटच्या बाजाराहून येणारा एखादा गाडीवाला “बरी हाये” एवढा निरोप आणायचा. मावशी स्वतः जाऊ शकत नव्हती, कारण लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. मावशी कधी तक्रार करायची नाही. लेकीचा विषय निघाला, की ती ते कडवं म्हणून दाखवायची आणि “माह्या पोट्टीनं केलं थे,” असं समोरच्याला सांगायची. समोरच्याला ते आधीपासून माहीत असलं तरी सांगायची.

तर हे गाणं मी जसंच्या तसं लिहून गुरुजींकडे पाठवलं, आणि पुढच्या बैठकीला अमरावतीला गेले. गुरुजींच्या ओसरीवर सतरंजी, मध्ये पानाचं तबक. गुरुजींच्या हातात माझा कागद आणि लाल पेन्सिल.

“हे काय आहे?” त्यांनी सासूच्या कडव्यावर पेन्सिल टेकवली.

“मंजनाची जाहिरात आहे,” मी सरळ सांगून टाकलं.

“भुलाबाईच्या गाण्यात जाहिरात?”

“पोरींना आवडली, त्यांनी घेतली.”

वकीलसाहेब पुढे सरसावले. “उद्या पुस्तक बाहेर पडलं, की लोक म्हणतील मंडळानं मंजनवाल्याचे पैसे खाल्ले. तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“त्यात मंजनाचं नाव तरी आहे का?” मी विचारलं.

“नाव कशाला हवं? ही ओळ ऐकली, की शेंबडं पोरही डबी ओळखतं!”

“म्हणजे ती सगळ्यांना पाठ आहे, हे तुम्हीच सांगताय.”

इथे ती बशी आपटली गेली. मला आतून फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

गुरुजी आवाज न चढवता म्हणाले, “जुनं कडवं कुठं आहे?” मी म्हटलं, कुणाला आठवत नाही. ते ऐकून त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे मंजनानं दात राखले आणि कडवं खाल्लं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला, की माझा भांडायचा जोर क्षणभर ओसरला. या माणसाने आयुष्यभर जुने शब्द पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते. त्यातला एक माझ्या नाकासमोर हरवला, आणि मी हसणाऱ्यांच्या बाजूने बोलत होते.

तरी मी गप्प बसले नाही. मी म्हटलं, आपल्या जुन्या गाण्यांत अमक्या पेठेचे पेढे येतात, तमक्या बाजाराची चोळी येते. त्या पेढ्यांची कीर्ती कुणा हलवायाने पैसे देऊन पसरवली नसेल कशावरून? ते आपण कौतुकाने छापतो. “ते जुनं आहे,” गुरुजी म्हणाले. “तेही कधीतरी नवंच असेल,” मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, “शाळेतही तू अशीच होतीस.” पण हे कौतुक होतं का रागावणं, ते मला आजवर कळलेलं नाही.

निकाल असा लागला: मी अकोटकडे जावं. तिकडे शहरी वारं कमी, जुनं कडवं नक्की सापडेल, ते आणावं. तोवर हे बाद. आणि लाल पेन्सिल चार ओळींवरून आडवी फिरली.

अकोल्याला परत आले, तर मावशीनं बांधावर बसवून घेतलं. “वाचून दावा बाई, कसं दिसते थे पुस्तकात.” मी वाचायला लागले. ती जुड्या बांधत ऐकत होती. नणंदेनंतर मी एकदम नवऱ्यावर आले, आणि तिचे हात थांबले.

“माह्या पोट्टीचं कडवं कुठी गेलं?”

मी सगळं सांगितलं. मंजन, वकील, पैसे, जुनं कडवं.

“सासू घ्याले आलीच नाई, तं मागून नवरा आला कसा? तोडलं गानं मी देत नाई. माही सारी गानी वापस करा.”

“मावशी, गाणी परत कशी करणार?”

“काहून? कागद फाडा.”

रागाचा एक शब्द नव्हता. सुतळीची गाठ मारून तिनं जुडी टोपल्यात टाकली. त्यानंतर ती माझ्याशी रोज बोलायची, पण फक्त वांग्यांबद्दल. निम्मी गाणी अजून तिच्याकडेच होती, आणि तिच्याशिवाय ते पुस्तक लंगडंच राहणार होतं. पण मला पुस्तकापेक्षा त्या थांबलेल्या हातांचं वाईट वाटत होतं. लेक डोळ्यांपुढे नाही, निदान तिची एक ओळ कुठेतरी पक्की राहावी, एवढंच तिचं मागणं होतं. ते कडवं पुस्तकात जायलाच हवं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आणि ते वाचवायला मला जावं लागलं अकोटला, त्याच्या विरुद्ध पुरावा शोधायला. सुट्टीच्या दिवशी मी सर्व्हिस मोटारीत बसले. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कपाशीची पऱ्हाटी, कुठे कुठे पहिली बोंडं फुटलेली. सगळ्या वाटेने मी एकच घोकत होते: जुनं कडवं सापडू नये. गाणी गोळा करणारी बाई गाणं सापडू नये म्हणून देवाला हात जोडत होती. गुरुजींना कळलं असतं, तर माझं नाव मंडळातून तिथल्या तिथे कमी झालं असतं.

मी अर्थातच मावशीच्या लेकीच्या घरी उतरले. दारात तिची सासू. भरदार बाई, घोगरा आवाज, आणि तोंडाचं पार बोळकं झालेलं. ते बोळकं पाहून मी कडव्याचा कागद पिशवीत आणखी खाली सारला.

“आमच्या सुनेच्या मास्तरीन का तुमी? या, बसा. पोट्ट्या येऊनच राहिल्या.”

लेक आतून आली. डोक्यावर पदर, अंगाने भरलेली, गालांवर तजेला. “बाई!” म्हणून पाया पडली आणि लगेच सासूच्या मागे जाऊन बसली. तिच्याशी दोन शब्द एकटीशी बोलायला मिळाले नाहीत. ते कडवं इथे विचारायचं कसं? दात नसलेल्या सासूसमोर तिच्याच सुनेला, की बाई गं, दात नसलेल्या सासूचं गाणं म्हणून दाखव?

संध्याकाळी पोरी जमल्या, धांड्यांच्या मांडवाखाली दिवा लागला, आणि ते लांब गाणं सुरू झालं. सासरा आला, दीर आला, नणंद आली. मी पेन्सिल घेऊन बसले होते. सासूची पाळी आली. पोरी एकदम थांबल्या आणि सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीनं खाकरून घसा साफ केला आणि घोगऱ्या आवाजात एकटीनं उचललं:

सासूबाई आली घ्याले,
धांडा देला खायाले,
दात नाई सासूले,
चिमूटभर लावा, धांडा सोलून खावा!

आणि शेवटी तिनं आपलं बोळकं आऽ करून सगळ्यांना दाखवलं. पोरींनी किंकाळ्या फोडल्या. तेवढ्यात मागून सुनेनं एक वाटी पुढे केली. ज्वारीचा गोड धांडा तिनं आपल्या दातांनी सोलून, दगडानं ठेचून ठेवला होता. म्हातारीनं त्याचा रस चोखला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “सुनेचे दात थेच माहे दात. हे गानं हिनंच आनलं बाई. लई चावट हाये.”

मी विचारलं, “इथे ते मंजन मिळतं का?”

“मंजन?” म्हातारी हसली. “आमी राखोंडीनं दात घासतो. मंजन कसलं असते, थे ह्या पोट्ट्याईनं पाह्यलंसुद्धा नाई.”

मी पेन्सिल खाली ठेवली. मंजन त्या पोरींपर्यंत पोचलं नव्हतं आणि ओळ पोचली होती. उसाचा तिथे धांडा झाला होता, कारण डोक्यावर मांडव धांड्यांचा होता. दोन गावं, दोन तऱ्हा. गुरुजींच्या नियमाने गुरुजींनाच पकडलं होतं.

रात्री त्यांनी मला जाऊ दिलं नाही. जेवताना मी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, की हिची आई वाट पाहते, भुलाबाईच्या महिन्यात हिला माहेरी पाठवत जा. तर म्हातारी म्हणाली, “हिले धाडलं तं आमच्या पोट्ट्याईची गानी कोन सांगन?” सून खाली मान घालून भाकरी वाढत होती, पण हसू तिच्या ओठांवरून जात नव्हतं. मुलीने सासरी सुखात असणं म्हणजे काय, हे मी खूप ठिकाणी खूप लोकांकडून ऐकलं आहे. त्या घरात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे गुरुजींनी ते कडवं घेतलं. दोन्ही तऱ्हा छापल्या, खाली बारीक टाइपात टीप दिली, की ही ओळ अलीकडच्या एका जाहिरातीतून आली असून अकोटकडे ती मंजनावाचूनही म्हणतात. वकीलसाहेबांनी त्या टिपेतली भाषा तीनदा बदलून घेतली आणि मग ती आपल्याच डोक्यातून निघाल्याचं सगळ्यांना सांगत सुटले. मी त्यांना ते सुख घेऊ दिलं. जाहिरात लिहून ठेवण्याजोगी असते का, असं पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी म्हणायची, सगळ्या नसतात, पण जिला लोक आपली करून घेतात ती असते, मग तिच्या मालाचं काहीही होवो.

पण हे सगळं नंतरचं. अकोटहून दुसऱ्या दिवशी मोटार अकोल्याला पोचली, तशी मी घरी न जाता आधी मळ्यात गेले. मावशी मेथी कापत होती.

“मावशी, तुझ्या लेकीचं कडवं अकोटला म्हणतात,” मी लांबूनच ओरडले. “आता गुरुजींना ते घ्यावंच लागेल!”

तिनं मान वर केली. “कोन म्हन्ते?”

“तिची सासू म्हणते. सगळ्यांत मोठ्यानं. बोळकं उघडून दाखवते.”

“सासू सोता म्हन्ते?”

“स्वतः.”

“अन् पोट्टी?”

“पोट्टी तिच्या मागं बसून धांडा सोलून देते. ठेचून, वाटीत घालून.”

मावशीनं विळा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे. मी तिच्या शेजारी वाफ्यात बसले. पदर बाजूला झाला, तेव्हा ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“मंग पुस्तकात नाई घेतलं तरी चालते, बाई,” ती म्हणाली. “थे तिथी म्हनून राहिले नं.”